एका वाक्याचे रसग्रहण

वाङ्मयाशी माझा संबंध व्हाउचरवरच्या मजकुरापुरता. तरी आज एका वाक्यावर टीका करायला बसलो आहे, कारण त्याने माझे दोन रविवार खाल्ले. वाक्य असे : ‘नेटवर्क पाथ सापडला नाही.’ लेखक : विंडोज. खाली ०एक्स८००७००३५ असा आकडा. मला तो आधी कुणाचा तरी खातेक्रमांक वाटला.

बी.कॉम. झालेल्या माणसाला हाउसिंग सोसायटी खजिनदार केल्याशिवाय सोडत नाही. आमच्या सोसायटीच्या कार्यालयात दोन संगणक आणि कपाटावर एक जुना सर्व्हर. सगळे हिशेब त्याच्या पोटात. एक संगणक म्हातारा झाला म्हणून नवा आणला. जुन्या जोडीदारावर हिशेब दिसत होते, नव्यावर वरील वाक्य! वार्षिक सभा तोंडावर, आणि खजिनदाराला हिशेबाचा रस्ता सापडेना.

वाक्यावर विश्वास ठेवून मी वायर काढून पुन्हा लावली, मग वायरच बदलली. रस्ता शाबूत होता; भांडण भाषेचे होते. फायली वाटून घेण्याच्या या भाषेला एसएमबी म्हणतात. १९८०च्या दशकात ती आयबीएममध्ये जन्मली, पुढे तिच्या तीन पिढ्या झाल्या. जोडणी होताना संगणक आपल्याला येणाऱ्या बोली सांगतो, सर्व्हर त्यातली दोघांना जमणारी निवडतो. आमचा सर्व्हर पहिलीवर अडून बसलेला, आणि नव्याला ती शिकवलेलीच नाही. आजोबांनी मोडीत चिठ्ठी लिहावी, ती नातवाला वाचता येऊ नये आणि त्याने दारावर पाटी लावावी, ‘आजोबा घरी नाहीत!’

बँकेत चेक परत करताना ‘शिल्लक अपुरी’ असे खरे कारण लिहावे लागते. ‘खातेदार सापडला नाही’ असे लिहिले, तर मॅनेजर मला शोधत येईल.

याच लेखकाचे दुसरे एक वाक्य आहे. या फोल्डरला एसएमबी-१ ही कालबाह्य पद्धत लागते आणि ती सुरक्षित नाही, असे ते सरळ सांगते. लांबट आहे, पण प्रामाणिक. ते आमच्या वाट्याला आले नाही आणि घोळ तिथेच झाला. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, “काका, एसएमबी वन ऑन करून देतो. दोन मिनिटांचं काम.”

“मग बंद का केलंय?”

“त्यांना उद्योग नाहीत, काका.”

उद्योग होता. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर याच पहिल्या पिढीतल्या फटीतून जगभरच्या संगणकांत शिरला. फायली कुलूपबंद करून पैसे मागू लागला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांनाही त्याने सोडले नाही. फट बुजवणारे ठिगळ मार्चमध्येच निघाले होते. पुष्कळांनी ते लावलेच नव्हते. पुढे मायक्रोसॉफ्टने ही बोली नव्या विंडोजमधून हळूहळू काढून टाकली. वाक्य रस्त्याबद्दल बोलते, म्हणून माणूस मिळेल तो रस्ता उघडतो. माझा त्या वाक्यावरचा खरा राग हा आहे. दीडशे घरांचे हिशेब कुणी ओलीस धरले, तर सभेत मी काय वाचून दाखवायचे होते?

शेवटी सर्व्हरच्याच सेटिंगमध्ये शोधले. म्हाताऱ्याला दुसरी पिढी येत होती, कुणीतरी कमाल मर्यादा पहिलीवर ठेवून दिली होती. कमाल दोन केली, किमानही दोन. हिशेब दिसले, सभा पार पडली.

स्कॅनर मात्र मुका झाला. त्याला पहिलीच येते. त्याच्या चिमुकल्या पडद्यावर आता ‘सर्व्हर सापडला नाही’ असे उमटते. सर्व्हर त्याच्या डोक्यावर, कपाटावरच असतो.