‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ : संशोधनाची दुहेरी कसोटी

काही वर्षांपूर्वी एका परिसंवादात आमच्या एका विद्यार्थिनीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या प्रकरणावर निबंध वाचला. वाचन संपताच अध्यक्षांनी सौजन्याने, परंतु निर्णायक स्वरात सांगितले की, हे आंबेडकरांचे मत आहे, बौद्ध धर्माचे नव्हे. सबब हा निबंध समाजशास्त्राच्या सत्रात ठेवावयास हवा होता. त्या एका वाक्यात आजच्या विद्यापीठीय धर्मसंशोधनाची एक मोठी उणीव सामावलेली आहे, असे आमचे मत आहे. तिची चिकित्सा करण्यासाठीच हा लेख.

हा आक्षेप जुना आहे. ग्रंथ 1957 साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. आणि अवघ्या दोन वर्षांत त्याचे नाव ‘आंबेडकर आणि त्यांचा धम्म’ असे असावयास हवे होते, असा शेरा परीक्षणातून आला. नवल शेऱ्याचे नाही. नवल याचे की, त्यानंतर बौद्ध विद्येच्या क्षेत्रात जे मूलगामी संशोधन झाले, त्याचा या शेऱ्यावर काहीही परिणाम झालेला दिसत नाही.

ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार प्रश्न उपस्थित केले आहेत. त्यांपैकी दुसरा प्रश्न चार आर्यसत्यांसंबंधी आहे: ही सत्ये बुद्धाच्या मूळ उपदेशाचा भाग आहेत, की भिक्खूंनी मागाहून घातलेली भर आहे? या प्रश्नावरून त्यांना धम्मविरोधी ठरविणाऱ्यांची संख्या अल्प नाही. आता पुढचा इतिहास पाहावा. 1982 साली के. आर. नॉर्मन या थोर पालि पंडितांनी व्याकरणाच्या आधारे असे दाखविले की, धम्मचक्कप्पवत्तन सुत्ताच्या प्राचीनतम पाठात ‘अरियसच्च’ हा शब्दच नसावा. 1999 साली कॅरल अँडरसन यांनी ‘पेन अँड इट्स एंडिंग’ या ग्रंथात चार आर्यसत्यांना केंद्रीय सिद्धान्ताचे स्थान क्रमाक्रमाने प्राप्त झाले, असे प्रतिपादन केले. केंब्रिजच्या पंडिताने विचारलेली शंका संशोधन ठरते आणि तीच शंका त्याच्या पाव शतक आधी दिल्लीच्या घरातील अभ्यासिकेत उमटली तर ती पाखंड ठरते! अर्थात येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. नॉर्मन यांनी सत्यांचा आशय नाकारलेला नाही. त्यांचा प्रश्न पाठाचा आहे. बाबासाहेबांचा प्रश्न नीतीचा आहे: दुःखालाच जीवनाचे सार मानणारा धर्म माणसाला आशा कोठून देणार? दोघांचे मार्ग भिन्न आहेत. आमच्या काही वक्त्यांनी ‘पाश्चात्त्यांनीही बाबासाहेबांचे म्हणणे मान्य केले’ अशी जी घोषणा आरंभिली आहे, ती म्हणूनच टिकणारी नाही.

गृहत्यागाचे उदाहरण अधिक बोलके आहे. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थ घर सोडून गेला, ही कथा बाबासाहेबांनी नाकारली. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर वृद्ध, रोगी वा मृत मनुष्य पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, एवढेच त्यांचे कारण. पालि ग्रंथ काय सांगतात? दीघनिकायाच्या महापदान सुत्तात ही दर्शने येतात, परंतु ती विपस्सी बुद्धाच्या चरित्रात. गौतमाच्या चरित्राशी ती सविस्तर जोडली जातात ती जातकाच्या निदानकथेसारख्या उत्तरकालीन ग्रंथांत. मज्झिमनिकायाच्या अरियपरियेसन सुत्तात तथागत स्वतः आपल्या गृहत्यागाविषयी बोलतात. तेथे मध्यरात्र नाही, कंथक घोडा नाही, झोपलेली पत्नी नाही. आईवडील रडत असता, त्यांची इच्छा नसता, तरुण पुत्र केस कापून काषाय वस्त्रे धारण करून निघतो, एवढेच आहे. तेव्हा लोकप्रिय कथा बाजूला सारणारे बाबासाहेब त्रिपिटकापासून दूर गेले, असे म्हणता येत नाही.

मात्र त्याच सुत्तात शोधाचे कारण जन्म, जरा, व्याधी आणि मरण हेच दिले आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरील तंट्याचा तेथे उल्लेख नाही. अंगुत्तरनिकायाच्या सुखुमाल सुत्तातही रथातून फेरफटका नसला, तरी जरा, व्याधी व मरण यांचे चिंतन आहेच. शाक्य आणि कोलीय यांच्या पाणीतंट्याची कथा अट्ठकथांत आहे, आणि तेथे तो मिटविण्यासाठी येतात ते बुद्धत्व प्राप्त झालेले तथागत. बाबासाहेबांनी हा प्रसंग गृहत्यागापूर्वी आणला. हा बदल आहे, आणि तो लपविण्याचे कारण नाही. परंतु तो निराधारही नाही. सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गात, म्हणजे पालि वाङ्मयाच्या अतिप्राचीन मानल्या जाणाऱ्या थरात, अत्तदण्ड सुत्त आहे. त्यात परस्परांशी भांडणारी माणसे पाहून आपल्याला भय वाटले आणि संवेग उत्पन्न झाला, असे प्रथमपुरुषी कथन येते; अट्ठकथाकार या सुत्ताचा संबंध शाक्य-कोलीय कलहाशीच जोडतो. धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात या सुत्ताकडे व या कलहाकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले होते. म्हणजे बाबासाहेबांच्या मांडणीमागे पालि आधार आहे, मराठी विद्वत्तेची परंपरा आहे आणि त्यावर त्यांचा स्वतःचा निर्णय आहे. या तीन गोष्टी वेगळ्या करून दाखविणे हेच संशोधन होय. ‘हे त्यांचे मत’ म्हणून उठून जाणे हे संशोधन नव्हे.

असे काम झालेच नाही, असे नाही. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना मूळ पालि स्थळे शोधून काढली. ग्रंथात तळटिपा नव्हत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या परिश्रमाचे मोल कळते. 2004 साली सुरेंद्र जोंधळे आणि योहानेस बेल्ट्झ यांनी संपादिलेल्या संग्रहात अॅडेल फिस्के व क्रिस्टॉफ एमरिख यांनी बाबासाहेबांनी मूळ वचनांत कोठे संक्षेप केला, काय वगळले, काय बदलले याची छाननी केली. 2011 साली ऑक्सफर्डने आकाश सिंह राठोड व अजय वर्मा यांनी संपादिलेली चिकित्सक आवृत्ती काढली. तरीही पालि विभागांच्या अभ्यासात या ग्रंथाला सहसा जागा मिळत नाही आणि समाजशास्त्र विभागांत पालि जाणणारा विरळाच. परिणामी सिंहलातील उपासक ‘बौद्ध’ म्हणून अभ्यासिला जातो आणि नागपूरचा उपासक ‘दलित चळवळ’ म्हणून.

ही वाटणी ज्या गृहीतकावर उभी आहे, ते ग्रेगरी शोपेन यांनी 1991 सालीच खिळखिळे केले. खरा धर्म पोथीत असतो आणि लोक जे करतात ती त्याची विकृती, ही समजूत प्रोटेस्टंट ख्रिस्ती विचारातून बौद्ध विद्येत शिरली, असे त्यांनी लेख आणि पुरातत्त्व यांच्या आधारे दाखविले. त्यांचा पुरावा आम्हाला परका नाही. कार्ले येथील चैत्यगृहावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने आपल्या हातच्या दरवाजाच्या कामाची नोंद कोरविली आहे. तो सुतार कोणते सुत्त जाणत होता, हे कोणी विचारत नाही; त्याचे बौद्धत्व निर्विवाद मानले जाते. मग 1956 साली दीक्षाभूमीवर उभ्या राहिलेल्या सुताराला, चांभाराला, गिरणी कामगाराला त्रिपिटकाचे प्रमाणपत्र का मागावे?

दोष केवळ विद्यापीठांचा नाही. ग्रंथातील एखाद्या वाक्याचे मूळ विचारले की आपल्याकडे अनेकांना तो अपमान वाटतो. बुद्धवचन म्हणून काय स्वीकारावे, याची कसोटी बाबासाहेबांनी स्वतः दिली आहे: जे बुद्धिसंगत आहे ते बुद्धाचे मानावे. श्रद्धेच्या आणि जीवनाच्या दृष्टीने ती कसोटी मोलाची आहे. परंतु पाठचिकित्सेचे काम ती एकटी करू शकत नाही. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेस वचन कोणाच्याही मुखातून आले तरी ते सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहा, असे सांगतात. ताडून पाहावयाचे तर पालि वाचता आले पाहिजे, आणि आमच्या वर्गात अलीकडे बाके रिकामी असतात.

त्या विद्यार्थिनीने निबंध मागे घेतला नाही. अत्तदण्ड सुत्तावरील महानिद्देसाची टीका ती सध्या आमच्याकडे दर रविवारी वाचते. ‘संवेग’ या शब्दापाशी आम्ही तीन रविवार थांबलो आहोत. तिच्या मते त्याचे भाषांतर ‘वैराग्य’ असे करू नये, आणि अद्याप आम्हाला तिचे म्हणणे खोडता आलेले नाही.