अर्धाच म्हटलेला अभंग



झाडावेलींना आणि रानातल्या जिवांना सोयरे म्हणणारा तुकोबारायांचा अभंग कोणाला ठाऊक नाही? वृक्षारोपणाच्या फलकावर तो असतो, शाळेच्या भिंतीवर असतो, औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांच्या कुंपणावरही असतो. जूनमध्ये पर्यावरण दिन आणि पालखी सोहळा जवळजवळ येतात, तेव्हा तर तो पावलोपावली दिसतो. इतका वापरला जाणारा हा अभंग आपण वाचतो किती, हे मात्र एकदा तपासून पाहिले पाहिजे. फलकावर मावते ते पहिले चरण. बाकीचा अभंग फलकाबाहेर राहतो आणि पहिल्या चरणाची जबाबदारी नेमकी त्या बाहेर राहिलेल्या भागात सांगितलेली आहे.

आधी ‘सोयरे’ हा शब्द पाहू. मराठीत सगे वेगळे आणि सोयरे वेगळे. सगे जन्माने मिळतात, सोयरे जोडावे लागतात. तुकोबांनी झाडांना देव म्हटले नाही, संपत्तीही म्हटले नाही. देव म्हटले की आपण हळदकुंकू वाहून मोकळे होतो. संपत्ती म्हटले की हिशेब मांडून विकायला मोकळे होतो. सोयऱ्यांच्या बाबतीत दोन्ही चालत नाही. त्यांच्या घरी जेवावे लागते, तसे त्यांना जेवूही घालावे लागते. त्यांच्या सुखदुःखाला जावे लागते, मानपान सांभाळावा लागतो. सोयऱ्याच्या दारात सांडपाणी सोडून त्याच दारी लग्नपत्रिका घेऊन जाणारा माणूस आपल्याकडे निर्लज्ज ठरतो.

आता पुढची चरणे पाहा. पक्ष्यांच्या गोड आवाजात एकांत आवडू लागतो, असे तुकोबा सांगतात. मग ते आपला संसार मांडून दाखवतात. डोक्यावर आकाशाचा मांडव, बसायला पृथ्वी, देहापुरती एक गोधडी आणि एक कमंडलू, वेळ सांगायला वारा, जेवणाला हरिकथा आणि बोलायला स्वतःचेच मन. ही यादी नीट वाचावी. दुष्काळात ज्यांचे दुकान बुडाले, घर मोडले, त्या गृहस्थाने गरजांची केलेली ही यादी आहे. मला इतकेच लागते, म्हणून झाड मला सोयरे वाटते, असा या अभंगाचा सांधा आहे. ज्याची गरज कुठे थांबतच नाही, त्याला झाडात लाकूड दिसते आणि नदीत नाला दिसतो. उत्तरार्ध गाळला की हा अभंग निसर्गाचे वर्णन होतो. तो ठेवला की जगण्याचा नियम होतो. आपण वर्णन ठेवले आणि नियम गाळला.

यावर कोणी अभ्यासू टाळकरी म्हणेल, हा साधकाच्या एकांताचा अभंग आहे, त्यात प्रदूषण कशाला आणता? आक्षेप योग्य आहे. तुकोबा पर्यावरणावर व्याख्यान देत नव्हते. पण एकांताला जागा लागते. तुकोबांना भंडारा आणि भामचंद्र हे डोंगर मिळाले. आपल्या नाशिक जिल्ह्यात तर संप्रदायाची परंपराच रानातून आली. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघामुळे वाट चुकलेल्या निवृत्तीनाथांना गुहेत गहिनीनाथ भेटले, अशी कथा आपण भक्तीने सांगतो. ते रान नसते, तो वाघ नसता, तर कथेत ती गुहा कशी आली असती? साधना आणि रान यांची फारकत संतचरित्रात कुठेच दिसत नाही.

त्याच जिल्ह्यातली दुसरी जागा पाहू. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहती व सिडकोची दाट वस्ती यांच्या परिसरातून एक लहान नदी वाहते. तिचे नाव नंदिनी. लोकांच्या तोंडी आज नासर्डी हेच नाव आहे. ही नदी टाकळीला गोदावरीला मिळते. त्या संगमावर समर्थ रामदासस्वामींनी पाण्यात उभे राहून बारा वर्षे अनुष्ठान केले, असे परंपरा सांगते. आज त्या पाण्यात बारा मिनिटे तरी कोणी उभा राहील का?

या पाण्यात दोन प्रकारची घाण येते आणि दोन्ही समजून घेतल्या पाहिजेत. घरांतले सांडपाणी पाण्यात कुजते आणि कुजताना त्यातला प्राणवायू संपवते, म्हणून मासे मरतात आणि पाण्याला वास येतो. कारखान्यांतली घाण निराळी. धातूवर मुलामा देण्याच्या कामात क्रोमियम, निकेल यांसारखे धातू वापरले जातात. प्रक्रिया न करता ते पाणी सोडले, तर हे धातू कुजत नाहीत, विरतही नाहीत. ते गाळात बसून राहतात.

आणि पाणी टाकळीला थांबत नाही. गोदावरी पुढे नांदूरमध्यमेश्वरला जाते. तिथले पाणपक्ष्यांचे अभयारण्य २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. दूरदेशीचे पक्षी हिवाळ्यात तिथे उतरतात. अभंगातला पक्ष्यांचा गोड आवाज ऐकायचा तर तिथे जावे. तिथून नदी पैठणला, नाथसागरात जाते. म्हणजे अंबडला नंदिनीत सोडलेले पाणी एकनाथ महाराजांच्या दारापर्यंत जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले आहेत. त्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रात, सर्व राज्यांत अधिक. संतांच्या भूमीला हा पहिला क्रमांक शोभत नाही.

कारखान्यांना दोष देऊन थांबणे सोपे आहे. पण त्या कारखान्यांत पाळी करून घरी येणारा, एकादशी धरणारा, आषाढीला रजा टाकून वारीला निघणारा माणूस आपलाच आहे. त्याची भाकरी त्या वसाहतीवर आहे. कारखाने बंद करा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. सोयऱ्याकडून उसने आणता येते, पण आणले तसे परत द्यावे लागते. पाणी स्वच्छ घेतले तर स्वच्छ करून सोडावे, हे १९७४ चा जलप्रदूषण कायदाही सांगतो. कायद्याला दंडाची भीती लागते. सोयरिकीला लाज पुरते. ती लाज आपल्यात उरली आहे का, हा खरा प्रश्न आहे.

आणि घरचे सांडपाणी तर आपलेच आहे. दिंडीच्या मुक्कामानंतर मैदानात उरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, नदीत सोडलेले निर्माल्य पिशवीसकट, हेही आपलेच आहे. अर्धा अभंग कंपनीच्या कुंपणावर आहे, तसाच तो आपल्या पताकेच्या गाडीवरही आहे.

म्हणून, वाचकहो, तीन गोष्टी सुचवतो. कीर्तनकार महाराजांनी हा अभंग निरूपणाला घेतला, तर शेवटच्या चरणापर्यंत न्यावा, गोधडी आणि कमंडलूपाशी थोडे थांबावे. प्रत्येकाने आपल्या घराचे सांडपाणी कुठे जाते, हे एकदा शोधून काढावे आणि ते प्रक्रियेविना नदीत जात असेल, तर नगरसेवकाला विचारावे. कारखान्यात काम करणाऱ्या माळकऱ्याने रात्रपाळीत कोणता नळ कुठे उघडतो, याकडे डोळेझाक करू नये. एकट्याने बोलायची भीती वाटत असेल तर भजनी मंडळाने मिळून बोलावे. मंडळ त्यासाठीही आहे.

त्र्यंबकहून निघालेली निवृत्तीनाथांची पालखी नाशिकवरून सिन्नरकडे जाते. पुणे रस्त्याने सिन्नरला जायचे, तर नासर्डी ओलांडावीच लागते. त्या पुलावर आपण नाकाला उपरणे लावतो आणि पुढे चंद्रभागेच्या स्नानाची आस धरतो. यंदा पुलावर उपरणे खाली घ्यावे आणि खाली पाहावे. जिला नंदिनी म्हणत होतो, ती सोयरी तिथे वाहते आहे. तिच्यासमोर तो अभंग म्हणायचा, तर पुरा म्हणावा.

रामकृष्ण हरी.