सर्दीतलं भुजंगप्रयात

हिंजवडीत, दिवसभर एसीत बसणाऱ्यांसमोर वृत्तांवर बोलायचं, तर उदाहरण सर्दीचंच घेऊ. गमतीच्या कवितेत वृत्त-यमक म्हणजे नुसती सजावट, असं म्हणतात. मला ते पटत नाही. या दोन ओळी माझ्याच, फार मोलाच्या नाहीत :

मला सांग नाका असे काय झाले
रुमालावरी दोन नाले निघाले

हे भुजंगप्रयात. लघु-गुरु-गुरु, चार वेळा; ओळीत १२ अक्षरं. रामदासांचे मनाचे श्लोक, सगळे २०५, याच वृत्तात आहेत. त्यामुळे चाल आपल्या कानात आधीच असते. उपदेशाच्या त्या चालीत गळकं नाक आलं की निम्मा विनोद तिथेच होतो. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’तली युक्ती हीच : साचा गंभीर, आतला माल हलका.

आता याच ओळी चोंदलेल्या नाकाने म्हणू. ‘म’ आणि ‘न’ म्हणताना हवा नाकातून जाते. वाट बंद झाली की ‘म’चा होतो ‘ब’, ‘न’चा साधारण ‘द’.

बला साग दाका असे काय झाले
रुबालावरी दोद दाले दिघाले

(हशा)

बघा, व्यंजनं कोसळली, पण वृत्त जागचं हललं नाही. ‘सांग’चा अनुस्वार गेला तरी ‘सा’ दीर्घच आहे. यमकही टिकलं, कारण ‘ल’ला नाक लागत नाही. वर ‘मला’ची ‘बला’ झाली, ती फुकटात.

पण मी मोर-बोर असं यमक जुळवलं असतं तर? सर्दीत दोन्ही ‘बोर’च. यमकाला दोन वेगळे शब्द लागतात. इथे एकच शब्द दोनदा उरला. सर्दीच्या कवितेत पुनरुक्तीची खरी जागा ही, असं मला वाटतं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘आऽक्छी’चं पालुपद लावतात, ते मुलांना आवडतं, आवडू दे. पण शिंक अशी पाळीने येते का हो? ती एकदाच, ओळीच्या मधे यावी. सहा अक्षरं झालीत, सहा राहिलीत, आणि सगळे ताटकळलेत.

मागून प्रश्न आला, मुक्तछंदात हे जमेल का. बोर-बोर जमेल. अडकलेली शिंक अवघड आहे. किती अक्षरं उरलीत, हे तिथे ऐकणाऱ्याला ठाऊकच नसतं.