घडापासून गडापर्यंत

चेअरलिफ्टची कल्पना केळीच्या घडावरून सुचली, असं रावेर-यावलच्या माणसाला सांगितलं तर तो आधी हसेल, मग भाव विचारेल. पण गोष्ट खरी आहे. १९३६ साली अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेने आयडाहो राज्यात सन व्हॅली नावाचं बर्फावरच्या खेळांचं ठिकाण वसवायला घेतलं. रेल्वेला हिवाळ्यातही प्रवासी हवे होते, आणि प्रवाशांना डोंगर उतरायचा होता, चढायचा नव्हता. ओमाहाच्या कचेरीत जेम्स करन नावाचा इंजिनिअर होता. त्याने आधी उष्ण प्रदेशातल्या बंदरात केळीचे घड जहाजावर चढवण्याची यंत्रणा केलेली होती. दोर अखंड फिरत राहतो, दोराला आकडे, आकड्याला घड. करनने आकडा काढला आणि तिथे खुर्ची लावली.

वरिष्ठांना आधी हे वेडेपण वाटलं. मग ओमाहातच, भर उन्हाळ्यात, एका ट्रकच्या बाजूला खुर्ची टांगून प्रयोग झाले. बर्फ नव्हता, म्हणून माणूस चाकांचे स्केट घालून उभा राहायचा आणि ट्रक मागून येऊन त्याला खुर्चीत उचलायचा. ट्रकचा वेग किती असला म्हणजे माणूस खुर्चीत बसतो आणि किती झाला म्हणजे आपटतो, हे अशा रीतीने ठरलं. मला या यंत्राच्या सगळ्या इतिहासात हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो, कारण यंत्राचा खरा प्रश्न त्यात पहिल्याच दिवशी उघड झाला. घडाला टांगताना दोर थांबवावा लागत नाही, घडाला गुडघे नसतात. माणसाला असतात. गेल्या नव्वद वर्षांत स्की रिसॉर्टांनी चेअरलिफ्ट बदलल्या, वाढवल्या, सुधारल्या, त्या सगळ्या खटाटोपाचा गाभा डोंगरावर सापडत नाही, खालच्या फलाटावरच्या बसण्याच्या दोन सेकंदांत सापडतो.

आमच्या पिंपळनेरला बर्फ म्हणजे गारपीट, आणि तीही कांदा काढणीच्या तोंडावर. त्यामुळे स्कीइंगबद्दल अधिकाराने बोलायला मी पात्र नाही. पण दोर, चाक आणि वजन यांचं गणित कुठल्याही डोंगरावर सारखंच असतं.

आधी दोर पाहावा. चेअरलिफ्टच्या दोराला टोक नसतं. पोलादी दोराची दोन टोकं एकमेकांत विणून त्याचा वेढा केलेला असतो, आणि ती वीण दोराच्या जाडीच्या बाराशे पट लांब असावी असा युरोपातला दंडक आहे. म्हणजे चार सेंटिमीटर जाडीच्या दोराला जवळजवळ अठ्ठेचाळीस मीटर नुसती वीण. त्या लांबीत एकेक पदर सोडवायचा, समोरच्या पदराच्या जागी बसवायचा आणि त्याचं टोक दोराच्या पोटात, गाभ्याच्या जागी दडवायचं. काम झाल्यावर सांधा हाताला लागता कामा नये. हे अजूनही मुख्यतः माणसांच्या हातचं काम आहे. कितीही नवी लिफ्ट आणा, तिचा जीव या विणीत असतो, आणि जाहिरातीत तिचं नाव कधी येत नाही.

जुन्या पद्धतीत खुर्ची या दोराला कायमची आवळलेली असते. दोर सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास पळतो आणि खुर्ची त्याच वेगाने बसणाऱ्याच्या पोटरीवर येते. दोराचा एकच भाग सतत आवळला जाऊन थकू नये म्हणून ठराविक काळाने प्रत्येक खुर्चीची पकड थोडी पुढे सरकवावी लागते. नव्या पद्धतीत पकडीला स्प्रिंग असते. खुर्ची स्थानकात शिरली की एक पट्टी पकडीचा दांडा दाबते, पकड दोर सोडते, आणि खुर्ची टायरांच्या रांगेवर येते. प्रत्येक टायर आधीच्यापेक्षा जरा सावकाश फिरणारा. खुर्ची मंदावत मंदावत माणसाच्या चालीवर येते, माणूस बसतो, मग दुसऱ्या रांगेतले टायर तिला पुन्हा दोराच्या वेगाला नेतात आणि पकड मिटते. बाहेर दोर सेकंदाला पाच मीटरने धावत असतो, त्याला आत काय चाललंय याचा पत्ताही नसतो. कोलोराडोतल्या ब्रेकनरिजला १९८१ मध्ये चार जणांची अशी जलद लिफ्ट आली, आणि त्यानंतर जुन्या लिफ्ट बदलण्याची जी लाट उठली ती अजून ओसरलेली नाही.

आता यातली खरी गंमत. वेग दुप्पट झाला म्हणजे तासाला दुप्पट माणसं वर गेली, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. चार जणांची खुर्ची दर सहा सेकंदांनी येत असेल, तर तासाला सहाशे खुर्च्या, चोवीसशे माणसं. जुन्या लिफ्टवर या खुर्च्या पंधरा-पंधरा मीटरवर टांगलेल्या असतात, नव्या लिफ्टवर तीस-तीस मीटरवर. अर्ध्याच खुर्च्या, दुप्पट वेग, माणसं तेवढीच. प्रवास निम्मा होतो, बसताना पोटरीला फटका बसत नाही, चुकून पडणाऱ्यासाठी लिफ्ट वारंवार थांबवावी लागत नाही, हा फायदा मोठाच. पण रांग कमी करायची तर खुर्ची रुंद करण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून चाराच्या सहा झाल्या, सहाच्या आठ. आठ जणांची पहिली नॉर्वेत १९९७ मध्ये आली, अमेरिकेत ती पोचायला २०१८ उजाडलं, बिग स्काय या ठिकाणी. तोवर खुर्चीवर वाऱ्यापासून आडोसा देणारं पारदर्शक झाकण आलं होतं, बैठकीत ऊब देणाऱ्या तारा आल्या होत्या. उतरवलेल्या जुन्या खुर्च्या हौशी लोक विकत घेऊन अंगणात झोपाळा करतात.

या लाटेत एकच नकार मला मनापासून आवडतो. व्हरमाँटमध्ये मॅड रिव्हर ग्लेन नावाचा डोंगर आहे, स्कीअरांच्याच सहकारी संस्थेच्या मालकीचा. तिथली १९४८ ची लिफ्ट एका खुर्चीत एकच माणूस नेई. ती जीर्ण झाली तेव्हा दोघांची बसवणं सोपं होतं. सभासदांनी वर्गणी काढली आणि २००७ मध्ये ती पुन्हा एकट्याचीच करून घेतली. यात नुसतं जुन्याचं प्रेम नव्हतं, हिशेबही होता. वर जास्त माणसं सोडली की उतारावर गर्दी होते, बर्फ खरवडला जातो, आणि ज्या उतरण्यासाठी वर गेलो त्यातलाच आनंद जातो. वर किती मावतात ते पाहून खालची खुर्ची ठरवायची. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या आपल्या महाराष्ट्राने हा ठराव वाचण्यासारखा आहे.

आपल्याकडे एकट्याची खुर्ची पाहायची तर राजगीरला जावं लागतं. बोधगया-नालंदा-राजगीर ही वाट मराठी बौद्ध कुटुंबांच्या पायाखालची. रत्नागिरी टेकडीवरचा विश्वशांती स्तूप १९६९ मध्ये खुला झाला, त्याच्याशी जोडलेला जपानी मदतीचा हा पाळणा. न थांबणारी खुर्ची मागून येते, सेवक दंड धरून बसवतो, साखळी लावतो, आणि मग आपण एकटेच झाडांवरून तरंगत निघतो. ‘जॉनी मेरा नाम’मध्ये देव आनंद आणि हेमा मालिनी याच खुर्च्यांवर गाताना दिसतात. २०२१ मध्ये तिथे आठ जणांच्या बंद डब्यांचा नवा रोपवे आला. लेकुरवाळ्यांची आणि म्हाताऱ्यांची सोय झाली, यात वाद नाही. पण शहाणपण असं की जुना पाळणा उपटला नाही, तो शेजारीच राहिला. गुलमर्गची गोंडोला १९९८ आणि २००५ अशा दोन टप्प्यांत थेट बंद डब्यांचीच आली, तिथे बदलाचा प्रश्न वेगळा. आणि जोशीमठहून औलीला जाणारी केबल कार जानेवारी २०२३ मध्ये जमीनच खचू लागल्यावर थांबली. खांब ज्या मातीत उभा, तिचं आधी पाहावं, हे औलीने शिकवलं.

आता आपला गड. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत खान्देशातून सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. देवीचं माहेर खान्देश, तेव्हा हा उत्सव आमचा. पिंपळनेरहून सेलबारीचा घाट ओलांडून ताहाराबाद, सटाणा, कळवण करत नांदुरीला पोचायचं आणि गड चढायचा. गडावरच्या गावापासून कड्याखालच्या मंदिरापर्यंत पाचशेच्या आसपास पायऱ्या. त्या उमाबाई दाभाड्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधल्या असं सांगतात. उमाबाई पलीकडच्या अभोण्याची लेक. या पायऱ्यांना २०१८ पासून ट्रॉलीची जोड आहे. तिरप्या रुळांवरून दोराने ओढली जाणारी, म्हणजे फनिक्युलर.

रसिकाने पाहावं असं हे यंत्र आहे. एक डबा वर निघाला की दुसरा खाली निघतो. दोघे एकमेकांना तोलतात, मोटारीला फक्त फरकाचं वजन ओढायचं असतं. चैत्रातल्या पहाटे सगळे वर जाणारे, तेव्हा भरल्या डब्याला तोलायला समोरून रिकामा येतो आणि मोटारीची कसोटी लागते. दुपारी दोन्हीकडे सारखी माणसं, यंत्र निवांत. सगळे परतू लागले की उलटं, मोटार ओढायचं सोडून आवरून धरू लागते. गर्दीचा प्रवाह यंत्राच्या अंगावर असा उमटतो.

आणि फलाटावर डबा पूर्ण थांबतो. करनला ओमाहात जे जमवायला ट्रक आणि स्केट लागले, ब्रेकनरिजला टायरांची रांग लागली, ते इथे सरळ थांबून साधलं आहे. तासाचा हिशेब मांडला तर ही ट्रॉली मोठ्या चेअरलिफ्टपुढे हरते. पण ओटीचं ताट सांभाळत, नऊवारी सावरत, नातवाचा हात धरून येणाऱ्या आजीला सहा सेकंदांची खुर्ची काय कामाची? तिला चालत आत जाता येतं, ही या यंत्राची सगळ्यांत मोठी कारागिरी. उणीव म्हणाल तर चढ अंगात मुरत नाही. नवस फेडताना पायरीपायरीला हळदकुंकू लावत जाणाऱ्या बाईला देवी ज्या क्रमाने जवळ येते, तो क्रम काही मिनिटांत उरकला जातो. शिखरावर कीर्तिध्वज लावायला दरेगावच्या गवळी घराण्यातला मानकरी रात्री जातो, त्या वाटेवर तर पायऱ्याही नाहीत. माझ्या मते गडावर ट्रॉलीने कुणाचं काही हिरावलेलं नाही, कारण पायऱ्या शाबूत आहेत. राजगीरसारखंच.

केंद्राच्या २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ‘पर्वतमाला’ योजना आली, तेव्हापासून महाराष्ट्रात रोपवेच्या प्रस्तावांना बरकत आहे. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या प्रस्तावाला तिथल्या गिधाडांमुळे विरोध झाला, आणि तो मला योग्य वाटतो. अशा प्रत्येक प्रस्तावात लांबी, वेग आणि तासाची प्रवासीसंख्या ठळक छापलेली असते. वाचकांनी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: वरच्या फलाटावर एका वेळी किती माणसं उभी राहू शकतात, आणि जुनी वाट चालू राहणार आहे का. उत्तर आलं नाही तर हरकती मागवण्याची मुदत संपण्याआधी तसं लेखी कळवावं.