‘कुरावान्का’ वाडगे : एक रांगडे नाव आणि एक घाईची रेषा

जपानी निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचे मूल्यमापन करताना अभ्यासकांची दृष्टी प्रायः दोन ठिकाणी खिळते : युरोपात निर्यात झालेल्या इमारी भांड्यांवर आणि नाबेशिमा सरदारांसाठी घडविलेल्या निर्दोष तबकांवर. रोजच्या भाताच्या वाडग्याची पाळी त्यानंतर येते, आणि तीही बहुधा सहानुभूतीच्या सुरात. हा क्रम उलटवून पाहण्याजोगा आहे. त्यासाठी ‘कुरावान्का’ या नावापासूनच आरंभ करणे सोयीचे.

एदो काळात क्योतो व ओसाका यांच्या दरम्यान योदो नदीवर, हिराकाता गावापाशी, उतारूंच्या मोठ्या नावांना लहान होड्या येऊन भिडत. त्यांतील विक्रेते अन्न व मद्य विकीत आणि आरोळी देत, ‘कुरावान्का!’ जपानीत भोजनक्रियेची क्रियापदे प्रतिष्ठेनुसार बदलतात : ‘मेशिआगारु’ आदरार्थी, ‘इतादाकु’ नम्र, ‘ताबेरु’ सर्वसामान्य, तर ‘कुराउ’ निव्वळ रांगडे. मराठी खाणावळवाल्याने गिऱ्हाइकास ‘जेवता का?’ असे न विचारता ‘गिळायचं नाही का?’ असे दरडवावे, तसाच हा प्रकार. (आज तटस्थ वाटणारे ‘ताबेरु’देखील मूळचे नम्रतादर्शकच, नित्य वापराने त्याची नम्रता झिजली.) भांड्यांना स्थलनामे मिळतात, जसे सेतो गावावरून ‘सेतोमोनो’, आपण तर मातीलाच ‘चिनी’ म्हणतो. परंतु एका उद्धट प्रश्नाचे नाव भांड्यास चिकटावे, हे विरळाच.

हे वाडगे मोठ्या प्रमाणावर हासामी येथे, म्हणजे आजच्या नागासाकी प्रांतात, तयार होत. तेथील नाकाओच्या टेकडीवर चढत गेलेल्या एका भट्टीची लांबी सुमारे १६० मीटर होती. माल स्वस्त का पडे, हे एवढ्यावरून कळावे. थाळ्यांच्या आतल्या बाजूस झिलई वर्तुळाकार खरवडून त्या एकावर एक रचीत व भाजीत. ते ‘सर्पनेत्र’ वर्तुळ आजही स्पष्ट दिसते. माती करडी, ‘गोसु’ हा कोबाल्टचा रंग पातळ. वाडग्याचा जाड बुंधा होडीत कलंडू नये म्हणून ठेवला, असे सांगतात. पण हे वाडगे नदीपासून दूरच्या घरांतही खपत, तेव्हा हे स्पष्टीकरण नावावरून मागाहून सुचलेले असावे.

खरा प्रश्न रेषेचा आहे. पाकळ्या चार-पाच ठिपक्यांत, वेल एका वळणात, जाळी दोन फटकाऱ्यांत आटोपलेली. यास निष्काळजीपणा म्हणणे म्हणजे बोलीतील संक्षिप्त रूपांस अशुद्ध म्हणण्यासारखे होय. नित्य उच्चारल्या जाणाऱ्या शब्दात जे अर्थभेदास आवश्यक तेवढेच उरते. दिवसाकाठी असंख्य वेळा रेखाटल्या जाणाऱ्या फुलातही ते फूल ओळखण्यापुरतेच उरले आहे. ही झीज आंधळी नव्हे, तिला नियम आहे. पाकळी लोपते, देठाचे वळण लोपत नाही.

यानागी सोएत्सु यांनी हे सौंदर्य ओळखले. हामादा शोजी व कावाई कान्जिरो यांच्यासह त्यांनी १९२५ मध्ये ‘मिंगेई’ हा शब्द घडविला आणि १९३६ मध्ये तोक्योत लोककलांचे संग्रहालय उभे केले. पुनरावृत्तीतून हातास मोकळीक येते, हे त्यांचे निरीक्षण आजही अबाधित आहे. मात्र कारागिराच्या अनामिकतेस त्यांनी जे जवळजवळ आध्यात्मिक मोल दिले, ते मान्य करणे कठीण. आरितासारख्या केंद्रांत बाह्यरेषा एकाने काढावयाची व आतील रंग दुसऱ्याने भरावयाचा, अशी विभागणी होती. रंग भरण्याचे ‘दामी’ हे काम परंपरेने स्त्रियांकडे असे. जाड कुंचला पाणीदार रंगाने ओथंबलेला, आणि कोरडे भांडे तो तत्काळ शोषून घेणार. चूक झाल्यास दुरुस्ती नाही. इतके कसब असलेल्या स्त्रियांची नावे भांड्यांवर नाहीत, याचे कारण निरहंकार हे नसून मजुरीची रचना हे आहे. निनावीपणाचे स्तवन करणाऱ्या टीकेने हा हिशेब चुकता केलेला नाही.

हस्तचित्रणाचे सोवळे मिरविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी : खुद्द कुरावान्का वाडग्यांवरही पुष्कळदा ठशाने उमटविलेली फुले आढळतात. त्या कारागिरांना हाताचा अभिमान नव्हता; त्यांना वाडगा वेळेत संपवावयाचा होता.

शिकोकूतील तोबे येथे १७७७ पासून ही भांडी होतात. तेथील जाड, हाताने रंगविलेल्या वाडग्यांत घाईची ती रेषा अद्याप काही अंशी टिकून आहे. याउलट बाजारातील पुष्कळ वाडग्यांवर हाताची थरथर मुद्दाम छापलेली असते. असे दोन वाडगे शेजारी ठेवून पाहावेत : कुंचल्याचा रंग दोहोंतही नेमका एकाच बिंदूवर संपलेला दिसतो.