राजकीय अनिश्चितता आणि आर्थिक अरिष्ट : एका रूढ कारणमीमांसेची चिकित्सा

राजकीय अस्थैर्यातून आर्थिक अरिष्ट उद्भवते, हे विधान आर्थिक इतिहासाच्या लेखनात इतक्या वेळा केले गेले आहे की, त्यालाही पुरावा लागतो याचा विसर पडावा. भारतावर १९९१ मध्ये ओढवलेल्या परकीय चलनाच्या अरिष्टाची हकीगत बहुधा याच सूत्रावर बेतलेली असते. विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार नोव्हेंबर १९९० मध्ये पडले. चंद्रशेखर यांनी मार्च १९९१ मध्ये राजीनामा दिला. निवडणुकीच्या धामधुमीत २१ मे रोजी राजीव गांधी यांची हत्या झाली. आणि याच महिन्यांत देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटत गेली. या दोन घटनामाला शेजारी शेजारी मांडल्या की, पहिली दुसरीचे कारण भासू लागते. हा भास कितपत खरा, हे तपासणे अगत्याचे आहे. कारण भक्कम एकपक्षीय बहुमत हीच अर्थव्यवस्थेची सुरक्षितता होय, असे जे अनुमान त्यातून काढले जाते ते अर्थशास्त्रापुरते मर्यादित राहत नाही. मतदारांच्या विभागलेल्या कौलाला आर्थिक दोष चिकटविण्याचे ते साधन बनते.

या सूत्राला शास्त्रीय आधार मुळीच नाही, असे नव्हे. अलेसिना व त्यांच्या सहकाऱ्यांनी ११३ देशांच्या १९५० ते १९८२ या काळातील अनुभवाची छाननी करून १९९६ साली असे दाखविले की, सरकार कोसळण्याचा संभव ज्या काळात अधिक, त्या काळात आर्थिक वाढीचा वेग मंदावतो. त्याची उपपत्तीही समजण्यास कठीण नाही. कारखान्याच्या उभारणीत घातलेले भांडवल सहजी परत काढून घेता येत नाही. म्हणून करांचे दर किंवा आयातीचे नियम उद्या काय राहतील याचा अंदाज येत नसेल, तर उद्योजक थांबणे पसंत करतो. मोजता येणारी जोखीम आणि न मोजता येणारी अनिश्चितता यांत फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये केलेला भेद येथे लागू पडतो. बेकर, ब्लूम व डेव्हिस यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या निर्देशांकात, वृत्तपत्रांत विशिष्ट शब्द किती वेळा येतात यावरून धोरणविषयक अनिश्चितता मोजली जाते. परंतु उल्लेखांच्या संख्येवरून चिंतेचे प्रमाण तेवढे कळते. ती चिंता सरकार कोणाचे येईल याची आहे, की सरकार आपले देणे फेडील की नाही याची, हा भेद त्या एका आकड्यात लुप्त होतो. नेमका हाच भेद १९९१ च्या विवेचनातही हरवलेला दिसतो.

त्या अरिष्टाची मुळे शोधू गेल्यास राजकीय स्थैर्याच्या काळातच जावे लागते. १९८४ च्या निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेत ४०० हून अधिक जागा मिळाल्या. असे बहुमत स्वतंत्र भारतात दुसऱ्या कोणत्याही पक्षाच्या वाट्याला आलेले नाही. तरीही याच काळात केंद्राचा खर्च उत्पन्नाच्या पुढे धावत राहिला आणि त्याचा मेळ कर्जाने घातला जाऊ लागला. परदेशी देण्यांत व्यापारी कर्जे, अल्पमुदतीची कर्जे व अनिवासी भारतीयांच्या ठेवी यांचा वाटा वाढला. १९९०-९१ मध्ये केंद्राची राजकोषीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्के, तर चालू खात्यावरील तूट सुमारे ३ टक्के होती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेलाचे भाव भडकले आणि आखातातून येणाऱ्या पैशालाही बाध आला. हा आघात बाहेरचा होता; तो सोसण्याची शक्ती मात्र आधीच खर्ची पडलेली होती.

मग अस्थैर्याचा वाटा कोणता? तो लहान नव्हता. जानेवारी १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे साहाय्य मिळाले, तथापि पुढील साहाय्यासाठी तुटीला आवर घालणारा अर्थसंकल्प आवश्यक होता. मार्चमध्ये चंद्रशेखर सरकारला केवळ अंतरिम अर्थसंकल्प मांडता आला. पतमापन संस्थांनी भारताचे मानांकन उतरविले. अल्पमुदतीच्या कर्जांचे नूतनीकरण दुष्कर झाले. एप्रिल ते जून या तिमाहीत अनिवासी भारतीयांच्या ठेवींतून सुमारे ९५ कोटी डॉलर बाहेर गेले. अस्थैर्याचा दोष येथे स्पष्ट दिसतो, पण तो विलंबाचा दोष आहे. जे उपाय नोव्हेंबरमध्ये योजता आले असते, ते जुलैपर्यंत लांबले आणि तोवर त्यांची किंमत वाढली.

एवढ्या विपरीत स्थितीतही राज्यसंस्थेने आपले देणे चुकविले नाही, ही बाब रूढ मांडणीत दुर्लक्षित राहते. मे महिन्यात, काळजीवाहू सरकार असताना, २० टन सोने पुनर्खरेदीच्या अटीवर परदेशात विकण्यात आले. जुलैमध्ये, नरसिंह राव यांच्या सरकारच्या काळात, रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून परदेशी रवाना होऊन तारण पडले. सरकारे बदलली, पण परतफेडीचा निश्चय बदलला नाही. शिवाय जुलैमधील रुपयाचे अवमूल्यन आणि २४ जुलैचा अर्थसंकल्प ही कामगिरी लोकसभेत स्पष्ट बहुमत नसलेल्या सरकारने पार पाडली. अल्पमताची किंमतही त्याने मोजली. खतांच्या किमतीतील ४० टक्के वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली व लहान शेतकऱ्यांना तीतून वगळावे लागले. तरी १९९१-९२ मध्ये तूट सुमारे ६ टक्क्यांवर आली. मात्र १९९३-९४ मध्ये, त्याच सरकारच्या कारकीर्दीत, ती पुन्हा ७ टक्क्यांच्या आसपास गेली. तेव्हा तुटीचा चढउतार लोकसभेतील संख्याबळावरून उलगडत नाही. संकटाची निकड आणि संकट ओसरल्यावर येणारे शैथिल्य यांचा विचार केल्यावाचून तो समजत नाही.

हाच निष्कर्ष १९९७ च्या अनुभवाने दृढ होतो. ३० मार्च १९९७ रोजी काँग्रेसने देवेगौडा सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी मुंबई शेअर बाजाराचा संवेदी निर्देशांक सुमारे ८ टक्क्यांनी कोसळला. परंतु नव्या गुजराल सरकारात अर्थखाते लवकरच पुन्हा पी. चिदंबरम यांच्याकडे आले आणि फेब्रुवारीत मांडलेला अर्थसंकल्प मे महिन्यात संमत झाला. सरकार व रिझर्व्ह बँक यांच्यातील मार्चमधील करारानुसार, तदर्थ सरकारी हुंड्यांच्या द्वारे तुटीसाठी आपोआप चलननिर्मिती करण्याची प्रथा १ एप्रिलपासून बंद झाली. पंतप्रधानपद डळमळीत असलेल्या त्याच आठवड्यात राजकोषीय शिस्तीची ही महत्त्वाची सुधारणा अमलात आली. त्यानंतरच्या काही महिन्यांत पूर्व आशियातील चलने कोसळली. भारतात मात्र १९९१ ची पुनरावृत्ती झाली नाही.

बाजाराची प्रतिक्रिया हा अर्थव्यवस्थेच्या प्रकृतीचा पुरावा मानण्यातही असाच धोका आहे. १७ मे २००४ रोजी, निर्गुंतवणुकीविषयी डाव्या पक्षांची भूमिका काय राहील या शंकेने, संवेदी निर्देशांक सुमारे ११ टक्क्यांनी घसरला व व्यवहार दोनदा थांबवावे लागले. ज्या संमिश्र सरकारच्या भयाने ही घसरण झाली, ते पाच वर्षे टिकले आणि त्याच्या काळात आर्थिक वाढीचा वेग उल्लेखनीय राहिला. बाजाराने त्या दिवशी धोरणाविषयीचे अज्ञान मोजले होते. धोरणाचे फलित त्याला दिसणे शक्यच नव्हते.

सारांश, ‘राजकीय अनिश्चितता’ या एका संज्ञेखाली तीन निरनिराळ्या शंका एकत्र बांधल्या जातात. राज्य कोण करील ही पहिली. तिचा परिणाम प्रामुख्याने शेअर बाजारावर व बहुधा अल्पकाळ होतो. धोरण कोणते राहील ही दुसरी. ती लांबली तर गुंतवणूक व अर्थसंकल्प दोन्ही खोळंबतात. राज्यसंस्था आपले वचन पाळील की नाही ही तिसरी. ती मनात शिरली की ठेवीदार पळतात आणि चलन कोसळते. पहिल्या शंकेचे रूपांतर तिसरीत केव्हा होते, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. १९९१ मध्ये ते झाले, कारण गंगाजळी रिती होती व कर्ज अल्पमुदतीचे होते. १९९७ व २००४ मध्ये झाले नाही. संख्याबळाच्या अभावावर अरिष्टाचा ठपका ठेवणारी कारणमीमांसा सुबोध आहे खरी, पण भक्कम बहुमताच्या वर्षांत साचत गेलेल्या कर्जाला ती हिशेबाबाहेर ठेवते. सरकारे पडण्याच्या तारखांबरोबरच त्यापूर्वीच्या निर्धास्त वर्षांतील हिशेबवह्या तपासल्या, तरच या विषयाच्या अभ्यासाला निर्णायक स्वरूप येईल.