दोन मिलिअँपिअर आणि एक फार सोपं चित्र

गणपतीत झाईला घरी गेले होते. शेजारच्या काकूंनी बंदरावर गाठलंच. "तू मेंदूचंच शिकतेस ना गं? मग सांग, डोक्याला करंट देऊन आवाज थांबतात का?" त्यांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधं नियमित चालू आहेत, तरी कानात आवाज येतात. कुणीतरी त्यांना टीडीसीएसचं माहितीपत्रक दिलं होतं. (पीएचडी म्हणजे औषधं देणारा डॉक्टर नव्हे, हे गावात समजावणं मी सोडून दिलंय.)

पत्रकात डोक्याचं चित्र होतं. ॲनोडखाली लाल, म्हणजे मेंदूचा तो भाग ‘चालू’. कॅथोडखाली निळा, म्हणजे ‘शांत’. हे चित्र तुम्हीही एखाद्या सेमिनारमध्ये पाहिलं असेल, कदाचित स्वतःच्या प्रस्तावात चिकटवलंही असेल. माझा आक्षेप या चित्रावर आहे.

आधी काकूंची भीती. हा सिनेमातला शॉक नव्हे. शॉक ट्रीटमेंटमध्ये शेकडो मिलिअँपिअर देऊन, भूल देऊन, मुद्दाम झटका आणतात. इथे मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, 1 ते 2 मिलिअँपिअर, साधारण 20 मिनिटं, आणि माणूस जागा असतो. कल्पना तशी जुनीच. पहिल्या शतकात रोमच्या स्क्रिबोनियस लार्गसनं डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा डोक्याला लावायला सांगितला होता. आपल्या कोळ्यांना विचारलं तर ते हसतील.

आता यंत्रणा. त्या 2 मिलिअँपिअरपैकी बराचसा प्रवाह कातडी आणि कवटीतूनच निघून जातो. मेंदूत उरतं ते विद्युतक्षेत्र दर मीटरला एका व्होल्टपेक्षाही कमी. त्यानं न्यूरॉनच्या पडद्यावरचा दाब मिलिव्होल्टच्या काही दशांशांनी सरकतो. पेशी पेटायला त्याच्या कितीतरी पट बदल लागतो. म्हणजे हा करंट पेशीला पेटवत नाही, आधीच पेटायच्या बेतात असलेलीला किंचित ढकलतो किंवा मागे खेचतो. 2000 साली गॉटिंगेनला नित्शे आणि पाउलुस यांनी हे माणसात मोजून दाखवलं: हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागावर 1 मिलिअँपिअर, काही मिनिटं. ॲनोडनं उत्तेजनक्षमता वाढली, कॅथोडनं कमी झाली, आणि करंट बंद केल्यावरही परिणाम काही वेळ टिकला. लाल-निळ्या चित्राचा जन्म इथला. मूळ काम उत्तम आहे. गोंधळ पुढे झाला.

2012 मध्ये फ्रान्सच्या ब्रुनेलँ यांच्या गटानं आवाज ऐकू येणाऱ्या 30 रुग्णांवर प्रयोग केला. कपाळाच्या डाव्या बाजूला ॲनोड, डाव्या कानाच्या वर-मागे कॅथोड, 2 मिलिअँपिअर, 20 मिनिटं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. तर्क असा की आवाजांशी निगडित भाग जास्त तापलेला असतो, कॅथोड त्याला थंड करेल. खऱ्या करंटच्या गटात आवाज सरासरी 31 टक्क्यांनी कमी झाले. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या गटानं 2018 मध्ये 25 रुग्णांवरच्या डबल-ब्लाइंड चाचणीत फायदा दाखवला. आपल्याकडचं हे काम जरूर वाचा.

पण 2013 मध्ये गॉटिंगेनच्याच लोकांनी कॅथोडचा करंट 2 मिलिअँपिअर आणि वेळ 20 मिनिटं केली, तर हालचालीच्या भागाची उत्तेजनक्षमता कमी न होता वाढली! पुन्हा वाचा. ब्रुनेलँच्या प्रयोगातला डोस हाच. म्हणजे ‘कॅथोड शांत करतो’ हे स्पष्टीकरण ज्या डोसवर बेतलंय, तिथेच ते डळमळतं. मेंदूचा भाग वेगळा आहे, हे खरं. पण मग मूळ नियमही दुसऱ्या भागावरून उसना घेतला होता ना? उसनवारी एकाच बाजूनं कशी चालेल?

याचा अर्थ उपचार खोटा असा नाही. ‘चालतो का’ आणि ‘कसा चालतो’ हे वेगळे प्रश्न आहेत, आणि मला सर्वात जास्त खटकतं ते हे की पेपरांच्या प्रस्तावनेत दुसऱ्याचं उत्तर पहिल्याचा पुरावा म्हणून वापरलं जातं. पहिल्या प्रश्नाचं उत्तरही एकमुखी नाही. 2016 मध्ये अमेरिकेत फ्रोलिख यांच्या 26 रुग्णांच्या चाचणीत, आणि 2018 मध्ये नेदरलँड्समधल्या कूप्स यांच्या 54 रुग्णांच्या चाचणीत, खरा आणि खोटा करंट यांत फरक दिसला नाही. फ्रोलिखनी दिवसातून एकदाच दिला होता, त्यामुळे तुलना थेट नाही. पण 25-30 जणांच्या चाचणीत चार-पाच रुग्ण इकडचे तिकडे झाले की सरासरी कुठल्या कुठे जाते, हे तुम्ही संख्याशास्त्रात शिकलाच आहात.

आणि खोटा करंट किती खोटा? सुरुवातीची काही सेकंद खराच देतात, म्हणजे खाज सुटावी आणि रुग्णाला ओळखता येऊ नये. पण 20 मिनिटांनी कातडी कुणाची लाल होते? स्पंज काढणाऱ्याला ते दिसतं. म्हणून कुठलाही पेपर उघडलात की रुग्णांना ‘तुम्हाला कुठला करंट मिळाला असं वाटतं?’ हे विचारलं होतं का, ते आधी शोधा. मी तरी निष्कर्षाआधी तेच बघते.

काकूंना यातलं निम्मंही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की काहींना फरक पडला, काहींना नाही, आणि का ते अजून कुणाला नीट सांगता येत नाही. औषधं बंद करायची नाहीत, त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठे पैसे भरायचे नाहीत. त्यांनी पत्रकाची घडी घातली. "मग हे चित्र काढलं कुणी?" म्हणाल्या.